कपाटाची दारं

पार्टिशनच्या पलीकडे शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मीट," आणि अलीकडे त्याचेच डोळे मिटले. एवढं होईपर्यंत खरं तर त्याने उठून बाहेर जायला हवं होतं. शाळेने एका खोलीत प्लायवूड ठोकून दोन समुपदेशकांसाठी दोन खोल्या केल्या, तेव्हापासूनचा दोघांचा शिरस्ता होता. पलीकडे मूल येऊन बसलं की अलीकडच्याने आपला कप उचलायचा आणि व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं, कारण प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं आणि आवाज वरून बिनदिक्कत ये-जा करत. आज तर पलीकडे त्याची स्वतःची लेक बसली होती. आपल्या पोराला विद्यापीठ निवडायचा सल्ला आपण द्यायचा नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं, हाही नियम, आणि तो त्यानेच घालून दिलेला. तेव्हा आज त्याने नुसतं व्हरांड्यात नव्हे, फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. पण तो पेनाचं टोपण शोधत बसला. टोपण पेनालाच मागच्या बाजूला लावलेलं होतं.

"पुढच्या वर्षीची पहिली सकाळ," मॅडम सांगत होत्या. "नव्या विद्यापीठातला पहिला दिवस. तुला जाग आलीय, पण डोळे अजून उघडले नाहीयेत. काय ऐकू येतंय?"

ही युक्ती मूळची त्याची. सतरा वर्षांच्या पोरांना कुठे शिकायला जायचंय असं विचारलं की ती जगातल्या यच्चयावत माणसांची कारणं सांगतात. काका म्हणतात तिथलं नाव मोठं आहे, मैत्रीण तिकडेच चाललीय, फोटोत इमारत छान दिसते. स्वतःचं असं कारण बाहेर येईपर्यंत तास संपतो. मग त्याने ही पहिली सकाळ शोधून काढली. डोळे मिटले की पोरं खोटं बोलायची विसरतात. एका मुलाला यंत्रांची घरघर ऐकू आली होती, बाप म्हणत होता वकील हो. एका मुलीला काहीच ऐकू आलं नाही, आणि तेवढं सांगून ती ढसाढसा रडली. तिच्या घरी एका खोलीत सहा माणसं झोपत. ज्याला जे ऐकू येईल, तिथे जा, असं तो सांगे, आणि पोरं जात. शाळेत त्याला सकाळसर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला आवडायचं. मॅडमनी युक्ती उचलली तेव्हा त्याने मोठ्या मनाने परवानगीही दिली होती.

पलीकडून त्याच्या लेकीचा आवाज आला, घरातलाच, अर्धवट झोपेतला. "बाबा कपाटाची दारं उघडतोय."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. एकामागून एक. त्याला साखर सापडत नाहीये."

मॅडम हसल्या. "अगं, हे घरातलं झालं. तू मला समुद्रकाठच्या विद्यापीठाचं सांग. इतके महिने तेच घोकत होतीस ना? लाटा, वाळू, समुद्राचा तळ."

"तिकडचंच सांगतेय मॅडम. तिकडे उठलेय आणि हे ऐकू येतंय."

मॅडमची खुर्ची करकरली. मग लेकच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "जाऊ दे. इथलं काय वाईट आहे? बसने जाता येईल, दुपारी घरी. समुद्र काही पळून जात नाही. सोमवारी कळवायचंय ना? इथलंच कळवा."

अलीकडे त्याला जे वाटलं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे दिवसभर तो त्यावर पांघरुणं घालत राहिला. त्याला आनंद झाला. पोर राहणार. संध्याकाळी दाराशी तिच्या चपला असणार, एक सरळ, एक उलटी. समुद्रकाठच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक तिच्या उशाशी दिसलं त्या दिवसापासून तो रोज त्या चपला बघून मगच आत जायचा. आणि मग त्याला लाज वाटली. वाटली ती भरपूर वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. पण आनंद आधी आणि लाज मागून, हा क्रम काही केल्या बदलता येईना. निदान दोन्ही एकदमच आली असती तरी त्याने स्वतःला माफ केलं असतं.

लेक निघाली तशी तिने त्याच्या दारातून डोकं आत घातलं. "झालं रे माझं, बाबा. मी लायब्ररीत जाऊन मग घरी येते. येताना पाव आण." मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "नाहीतर राहू दे. तू भलताच आणशील. मीच आणते." आणि गेली. तिच्या चालण्यात दुःख वगैरे काही नव्हतं. निर्णय झाल्यावर माणूस हलकं चालतं तशी ती चालत होती, आणि तेच त्याला बघवेना. डोळ्यांत पाणी असतं तर त्याने धावत जाऊन समजावलं असतं, तेवढा सराव त्याला होता.

साखर कुठे असते हे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. वरच्या खणात, चहाच्या पत्र्याच्या डब्याच्या मागे. बायको आजारी होती त्या सबंध वर्षात तोच तर सगळं करायचा. स्वयंपाक, कपडे, औषधं, लेकीची वेणी. वेणी वाकडी यायची, पण यायची. मग बायको गेली, आणि लेक बोलायची थांबली. अकरा वर्षांची पोर टेबलाशी बसायची, समोरचं ताट थंड व्हायचं, आणि ती भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायची. डॉक्टर झाले, तिची मावशी येऊन राहून गेली, तो स्वतः शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करून घरी यायचा आणि आपल्या पोरीपुढे मुका व्हायचा. एका सकाळी त्याला खरोखरच साखर सापडेना. झोप झालेली नव्हती, डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं. तो दारं उघडत होता, लावत होता, पुन्हा तीच उघडत होता. तेव्हा ती खुर्चीवरून उतरली, स्टुलावर चढली, डब्यामागून साखर काढून त्याच्यासमोर आदळली आणि म्हणाली, "समोर असतं तरी दिसत नाही तुला." थेट आईच्या आवाजात. आणि मग बसून दूध प्यायली, सगळं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारं उघडायला लागला. यात वाईट काय होतं? आजही, शाळेची पायरी उतरताना, त्याने स्वतःला हाच प्रश्न विचारला आणि आजही त्याचं उत्तर तेच आलं, की त्या दिवशी काही वाईट नव्हतं. पोरीला कामाचं निमित्त हवं होतं, ते त्याने पुरवलं. साखरेनंतर कात्री, कात्रीनंतर कपडे धुवायच्या यंत्राचं बटण. ती खळखळून हसायला लागली, त्याची नक्कल करायला लागली, पाहुण्यांना सांगायला लागली की आमच्या बाबाला घरात सोडलं तर तो फ्रिजमध्ये चपला ठेवील. आणि पोर बरी झाली. तेव्हा थांबायचं होतं. औषध होतं, गुण आला, बंद करायचं. पण कधी? ती तेरा वर्षांची झाली तेव्हा वाटलं, एवढ्यात नको. पंधराची झाली तेव्हा वाटलं, आता अचानक थांबलं तर तिला कळेल. आणि एव्हाना त्याला स्वतःलाच ते आवडायला लागलं होतं. सकाळी कुणीतरी आपल्यावर लटकं चिडावं, आपल्या हातातून वस्तू काढून घ्यावी, "हो बाजूला" म्हणावं. माहितीपत्रक उशाशी दिसल्यानंतर त्या महिन्यात तो दारं जरा जास्तच उघडत होता. हे त्याने कधी ठरवून केलं नव्हतं. पण जास्त उघडत होता.

घराच्या वाटेवर शिवणवाल्या बाईंचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक यंत्र आणि एक बल्ब. त्याच्या विजारी तिथेच आखूड व्हायच्या. बाईंची मुलगी काही वर्षांपूर्वी त्याच्यासमोर डोळे मिटून बसली होती आणि तिला कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या ट्रॅमची घंटा ऐकू आली होती. बाईंचं तेव्हा डोकं दुखायचं. मुलीने लांबच्या विद्यापीठाचं नाव काढलं की दुखायचं, इतकं की दुकान बंद. त्याने दोघींना समोर बसवलं आणि मुलीदेखत बाईंना सांगितलं, "ताई, ते डोकं तुमचं आहे, मुलीच्या गळ्यात कशाला बांधता?" बाई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मुलगी गेली, शिकली, तिकडेच नोकरीला लागली. पालकसभेत तो हा किस्सा नाव न घेता सांगायचा आणि पिशवीच्या बंदापाशी क्षणभर थांबायचा. थांबल्यावर परिणाम चांगला व्हायचा. आज त्याला तो बंद आठवला, तेव्हा त्याचा रंगही आठवला. निळा होता. बाईंचं बोट पांढरं पडलं होतं.

तो मान खाली घालून पुढे निघणार तेवढ्यात बाईंनी यंत्र थांबवलं. "सर, तुमच्या मुलीचंही यंदाच ना? कुठलं ठरलं?"

"इथलंच," तो म्हणाला.

"बरं झालं." बाईंनी दोरा दातांनी तोडला. आवाजात कुचकटपणा नावाला नव्हता, त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "तुमचं सोपं आहे सर. तुम्हाला रागवायला दुसरे सर नाहीत."

तो हसला. असं हसल्यावर तोंड कसं दिसतं हे त्याला माहीत होतं. त्याच्या समोर बसलेले बाप असं हसायचे.

घरी येऊन त्याने ठरवलं की आज आपण स्वयंपाक करायचा. ती येईल तेव्हा टेबलावर गरम जेवण असेल, कपडे वाळत घातलेले असतील, आणि ती बघेल, आणि काही बोलायची गरजच पडणार नाही. भाषण करून पोरं पटत नाहीत हे त्याच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. बटाटे उकडायचे, अंडी करायची, एवढं तर झोपेतही येईल. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. शेगडी पेटवायला गेला तर ती पेटेना. ही नवी शेगडी लेकीने गेल्या वर्षी निवडून आणली होती, त्याला नुसतं दाखवलं होतं. बटण दाबून फिरवायचं की फिरवून दाबायचं? दोन्ही करून झालं. शेवटी कशाने पेटली ते त्याला कळलं नाही, पण पेटली. पातेलं कुठे आहे ते बघायला त्याने खालचं दार उघडलं तर तिथे कोरड्या डाळींच्या बरण्या. पातेली पूर्वी तिथे असायची. केव्हा हलवली? सुरी सापडायला इतका वेळ गेला की बटाट्यांच्या पाण्याला उकळी येऊन गेली. आणि मीठ. मिठाची बरणी बायकोच्या वेळी शेगडीच्या उजव्या हाताला असायची, तिथे आता एक कुंडी होती. त्याने पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं, वरचं उघडलं, पुन्हा पहिलं उघडलं. सगळीकडे लेकीची लावालाव, सारख्या आकाराचे सारखे डबे, एकावरही काही लिहिलेलं नाही, कारण तिला लिहायची गरजच नव्हती. एका डब्यात त्याने बोट घालून चाखलं, तो खायचा सोडा होता. तेव्हा तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. त्याला खरंच येत नव्हतं. इतकी वर्षं जे सोंग म्हणून केलं ते कधीतरी, त्याला न सांगता, खरं होऊन बसलं होतं.

बाहेर किल्ली फिरली. चपला निघाल्या, एक सरळ, एक उलटी. "आवाज येतोय जिन्यात!" लेक हसत आत आली, हातात पाव. "काय शोधतोयस? हो बाजूला." आणि शेगडीवरचं पातेलं बघून थबकली. "हे काय?"

"बटाटे."

"ते दिसतंय. काय हवंय तुला?"

मीठ, असं तो म्हणाला असता तर सगळं होतं तसं राहिलं असतं. तिने हात वर केला असता, डबा काढला असता, आईच्या आवाजात काहीतरी बोलली असती, आणि सोमवारी मॅडमनी इथलंच कळवलं असतं. शब्द त्याच्या ओठांवर होता. तो गोड होता. त्याने तो गिळला.

"बस," तो म्हणाला. "मला येतं सगळं."

"काय येतं?"

"हे. स्वयंपाक. साखर कुठे असते ते मला माहीत आहे. आधीपासून."

ती अजून हसतच होती, पण हसणं चेहऱ्यावर नुसतंच राहिलं होतं. "कुठे असते?"

तो वळला. एवढं एक त्याला येत होतं. त्याने डोळे मिटून वरच्या खणात हात घातला, चहाच्या डब्याला वळसा घालून साखर काढली आणि तिच्यासमोर ठेवली. आदळली नाही, ठेवली. मग तिच्याकडे बघायचं धाडस होईना म्हणून डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला.

बटाटे उकळत होते. ती खुर्चीवर बसली. पाव मांडीवरच होता. "म्हणजे रोज सकाळी," ती म्हणाली, आणि थांबली. "सातवीतली सहल आठवते? समुद्रावरची?"

आठवत होती. तो तेव्हा म्हणाला होता, जा की, मी खाईन काहीतरी. शब्द अगदी बरोबर होते. आवाज तेवढा जरा पडका लावला होता.

"सगळा वर्ग गेला. मी सांगितलं, समुद्र काही पळून जात नाही. मी अजून समुद्र पाहिलेला नाही, बाबा. माझ्या मैत्रिणीकडे मी एक रात्र राहिले नाही. मला वाटायचं तू उपाशी बसशील दारं उघडत." ती रडत नव्हती. ती हिशेब लागत नसल्यासारखी एकेक गोष्ट काढून बघत होती आणि प्रत्येक गोष्ट तशीच निघत होती. "आणि मला मजा वाटायची. मी लोकांना सांगायचे, हसायचे. तुला आतून काय वाटायचं तेव्हा?"

"बरं वाटायचं," तो म्हणाला. हे एवढं उत्तर खरं होतं.

तिने मान वर केली. मघापासून उघडी राहिलेली दारं तिला आता दिसली असावीत. एकेका दारावर तिची नजर गेली. "आणि आत्ता मी आले तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हा काय शोधत होतात? तेही नाटकच?"

होतात. तिने त्याला जन्मात अहोजाहो केलं नव्हतं.

नाही, हे खरं उत्तर होतं. नाही, बेटा, आत्ता मला खरंच सापडत नव्हतं, मला खरंच काही येत नाही, मला भीती वाटतेय. त्याने हे सांगितलं असतं तर ती क्षणात विरघळली असती. त्याची पोर होती, त्याला माहीत होतं. आणि गेलीही नसती.

"हो," तो म्हणाला. "तेही नाटकच. सवय लागलीय."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने पूर्ण बघितलं. त्याच्या खोलीत पोरं आईबापांकडे कधीकधी असं बघायची, आणि तेव्हा तो मनात म्हणायचा की आता हे पोर जाईल. ती उठली, पाव टेबलावर ठेवला, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. "मॅडम, मी बोलतेय. हो, घरूनच. ते बदलायचंय." मग बराच वेळ मॅडमच बोलत असाव्यात. मग, "नाही, काही झालं नाही. त्याला येतं सगळं." इथली भिंत छतापर्यंत होती, तरी त्याने सगळं ऐकलं. आज पुन्हा त्याने कप उचलून बाहेर जायला हवं होतं.

आता आनंद व्हायला हरकत नव्हती. त्याने वाट बघितली, झाला नाही. आपण काही मोठं केलं असंही वाटेना. सहा वर्षं एक खोटं आणि आज त्याच्यावर दुसरं, एवढंच झालं होतं. त्याने उघडी दारं एकेक करून, आवाज होणार नाही अशी, बिजागरीला बोट लावून बंद केली. मिठाचा शोध सोडून दिला. दार वाजलं असतं तर तिने ऐकलं असतं.

बटाटे सोलून, अंडी करून त्याने दोन ताटं वाढली आणि तिला हाक मारायचं धैर्य होईपर्यंत बसून राहिला. ती हाक न मारताच आली. डोळे धुतलेले होते. समोर बसली, पावाचा तुकडा मोडला, बटाटा तोंडात घातला, आणि चावता चावता थांबली.

"मीठ नाहीये."

"मला कमीच लागतं हल्ली," तो म्हणाला.

ती सवयीने उठलीच. उभी राहिली, उजवा हात वर निघाला, आणि अर्ध्यावर तसाच राहिला. तिने आपल्या हाताकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग हात खाली घेतला, बसली, आणि अळणी बटाटे खायला लागली. तोही खाली मान घालून खात राहिला. खिडकीच्या बाजूने दुसरं दार, वरचा कप्पा. हात तिकडे निघाला होता, तेवढं त्याने बघून ठेवलं.